पी५ जेएसवर समुद्र: फुकटातलं साधन, पण लाटेचं गणित तुमचं तुम्हालाच घालावं लागतं

पी५ जेएस हे ब्राउझरमध्ये चालणारं, मोफत आणि मुक्तस्रोत चित्रसाधन. आपण नियम लिहायचे आणि चित्र त्या नियमांतून उगवू द्यायचं, या जनरेटिव्ह प्रकारात हात घालायचा असेल तर याहून सोपी सुरुवात नाही. पण समुद्र आणि परंपरेतले आकृतिबंध असा विषय घेतला की साधनाचा कस लागतो. ते कुठे उतरतं आणि कुठे दगा देतं, ते पुढे तपशिलात दिलं आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.

कुळकथा दोन ओळींत. एमआयटी मीडिया लॅबमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये प्रोसेसिंग हे साधन सुरू केलं, चित्र काढणाऱ्यांना कोड लिहिता यावा म्हणून. तीच कल्पना वेबवर आणायचं काम लॉरेन ली मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये हाती घेतलं, ते पी५ जेएस. मांडणी साधी आहे: सेटअप() एकदा चालतं, ड्रॉ() सेकंदाला ६० वेळा. वेब एडिटर उघडला की डावीकडे कोड, उजवीकडे चित्र; संगणकावर काहीही बसवावं लागत नाही. काम जतन करायला तेवढं खातं काढावं लागतं.

आता पाण्यात उतरू. पी५ वर 'समुद्र' म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं नॉइज() या फंक्शनवर उभं असतं, आणि खरी गोची तिथेच आहे. केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात काढलेल्या युक्तीच्या कुळातलं हे फंक्शन. ढग, धूर, संगमरवर, डोंगराची कडा यांसाठी त्याला तोड नाही. पर्लिन यांना त्या कामासाठी १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. पण नॉइजने काढलेलं पाणी पुढे सरकत नाही, जागच्या जागी खदखदतं. लाट म्हणजे पुढे जाणारा आकार. नॉइजला दिशाही नाही आणि वेगही नाही.

शिवाय त्याचे दोन खोडसाळ स्वभाव माहीत नसले तर तासच्या तास जातात. पहिला म्हणजे उत्तर ० ते १ च्या दरम्यान येतं असं सांगतात, पण नेहमीच्या मांडणीत चार थर निम्म्या-निम्म्या जोराने मिसळतात: ०.५, ०.२५, ०.१२५ आणि ०.०६२५. बेरीज ०.९३७५. म्हणजे १ कधीच येत नाही आणि बहुतेक किमती मध्याभोवतीच घुटमळतात. मॅप()ने तो आकडा रंगांच्या पट्ट्यावर बसवताना ० ते १ ऐवजी ०.२ ते ०.७५ धरलं तर रंगांचा पूर्ण पट्टा वापरात येतो. दुसरा स्वभाव जास्त छुपा आहे. ऋण आकडा दिला की पी५ त्याचं चिन्ह काढून टाकतं. ट्रान्सलेट() वापरून कॅनव्हासचा मध्य शून्यावर आणला असेल तर डावं-उजवं आणि वरचं-खालचं चित्र आरशात पाहिल्यासारखं सारखं निघतं. समुद्राच्या मधोमध सरळ रेषेत सांधा दिसायला लागतो आणि चूक आपल्या रंगात शोधली जाते. उपाय एका ओळीचा: क्ष आणि य दोन्हींत १००० मिळवा. पावलाचा आकार ०.००५ ते ०.०३ ठेवावा, त्याहून मोठा घेतला की पाण्याऐवजी बिघडलेल्या टीव्हीच्या मुंग्या दिसतात.

म्हणून लाटेसाठी नॉइज बाजूला ठेवा आणि लाटेचं स्वतःचं गणित घाला. फ्रान्झ योझेफ गेर्स्टनर यांनी १८०२ मध्ये मांडलेल्या लाटेत पाण्याचा प्रत्येक कण आपल्या जागेभोवती गोल फिरतो, आणि त्या फिरण्यातून माथा टोकदार व पोट पसरट होतं. साध्या साइन वक्रात दोन्ही सारखेच गोल असतात, म्हणून ती लाट बालचित्रातली वाटते. पी५ मध्ये हे सहा-सात ओळींचं काम आहे. दर ५ पिक्सेलवर एक बिंदू घ्या. २ पाय (π) भागिले लाटेची लांबी हा तरंगांक. कोन म्हणजे तरंगांक गुणिले बिंदूची मूळ जागा, वजा कोनीय वेग (बिंदू किती झपाट्याने गोल फिरतो तो आकडा) गुणिले वेळ. मूळ जागेतून उंची गुणिले साइन वजा केलं की बिंदूची नवी आडवी जागा मिळते, आणि पाण्याच्या पातळीतून उंची गुणिले कोसाइन वजा केलं की उभी जागा. दोन्हीकडे वजाच. पी५ मध्ये य अक्ष खाली वाढतो. उभ्या जागेत अधिक केलं तर टोकं खाली आणि फुगवटे वर, अशी उलटी लाट तयार होते. ही चूक चालू स्केचमध्ये पटकन लक्षात येत नाही, फक्त 'काहीतरी विचित्र' वाटत राहतं. बिंदूंची सुरुवात उणे ५० पासून करा आणि शेवट रुंदीच्या ५० पुढे, कारण बिंदू आडवेही सरकतात आणि कडेला फट पडते.

उंची किती ठेवायची याला मर्यादा आहे. उंची (मधल्या पातळीपासून माथ्यापर्यंत) गुणिले तरंगांक हा आकडा १ वर गेला की रेषा स्वतःला छेदून गाठी मारते. खऱ्या खोल समुद्रात लाट त्याच्या बरीच आधी फुटते. पोटापासून माथ्यापर्यंतची उंची लांबीच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास आली की संपलं. म्हणजे हा गुणाकार साधारण ०.४५. २०० पिक्सेल लांबीच्या लाटेला वास्तववादी उंची १४ पिक्सेल. जपानी ठशांसारखी नाट्यमय लाट हवी असेल तर २७ पर्यंत न्या, गुणाकार ०.८५ च्या आसपास येतो. त्यापुढे नको.

वेगाचंही तसंच. सगळ्या लाटांना एकच वेग दिला तर समुद्र नव्हे, कुणीतरी चादर ओढत असल्यासारखं दिसतं. खोल पाण्यात लांब लाट जोरात धावते, आखूड रेंगाळते. लाटेची लांबी मीटरमध्ये म्हणजे १.५६ गुणिले आवर्तकाळाचा (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या सेकंदांचा) वर्ग. ८ सेकंदांची लाट साधारण १०० मीटरची, ४ सेकंदांची २५ मीटरची. याच सूत्राचा फायदा घेऊन अखंड फिरणारा जिफ बनवता येतो: ८ सेकंदांचा जिफ ठरवा, आवर्तकाळ ८, ४, २.६७ आणि २ सेकंद घ्या, आणि लांबी सूत्रातून काढा, १००, २५, ११.१ आणि ६.२४ मीटर. आठव्या सेकंदाला चारही लाटा पहिल्या जागेवर परत येतात आणि सांधा दिसत नाही. सेव्हजिफ() वापरताना वेळ मिलीज()वरून घेऊ नका, फ्रेमच्या मोजणीवरून घ्या. जिफ साठवताना संगणक फ्रेमा त्याच्या सवडीने काढतो. घड्याळ तोवर पुढे गेलेलं असतं आणि लाटा उड्या मारतात.

लाटांच्या सहा-सात ओळी लांबून जवळ अशा क्रमाने भरून काढल्या, लांबच्या ओळींना कमी उंची आणि फिका निळा दिला, की ८०० पिक्सेलच्या कॅनव्हासवर साध्या लॅपटॉपलाही घाम फुटत नाही. इथपर्यंत पी५ ला पैकीच्या पैकी.

परंपरेतल्या आकृतिबंधांकडे वळलो की या साधनाची खरी ताकद दिसते. कारण परंपरेतली नक्षी म्हणजे बहुतेक वेळा नियमच असतो, आणि पी५ ला नियमच कळतात. शब्द टाकून चित्र देणाऱ्या एआय साधनांकडून समुद्राची नक्षी मागितली तर पृष्ठभाग झकास येतो, पण प्रत्येक लाटेतल्या कड्या मोजायला गेलात की कुठे चार, कुठे साडेपाच. ज्यांच्या घरची ती नक्षी आहे त्यांच्या नजरेतून हे सुटत नाही.

जपानी सेइगाइहा घ्या, एकावर एक चढलेल्या अर्धवर्तुळाकार लाटांची नक्षी. त्रिज्या ४० पिक्सेल धरली तर एका ओळीत वर्तुळांच्या मध्यांतलं अंतर ८०, पुढची ओळ ४० ने आडवी सरकवलेली आणि फक्त २० ने खाली. प्रत्येक वर्तुळात पाच समकेंद्री कड्या. सगळी गंमत क्रमात आणि भरणीत आहे: ओळी वरून खालीच काढायच्या, आणि प्रत्येक वर्तुळ आतून रंगाने भरायचं. खालची ओळ वरच्या ओळीचा खालचा भाग झाकते आणि लाट तयार होते. भरण बंद करणारं नोफिल() चुकून चालू राहिलं तर सगळ्या कड्या आरपार दिसतात आणि नक्षीऐवजी जाळं होतं. ८०० बाय ८०० ला कडांसकट साधारण ५०० वर्तुळं लागतात, पाच कड्या धरून अडीच हजार; हे दर फ्रेमला केलं तर फोन अडखळतो. एक वर्तुळ क्रिएटग्राफिक्स() मध्ये, म्हणजे पडद्यामागच्या कॅनव्हासवर, एकदाच काढून त्याचा ठसा इमेज()ने उमटवावा. शिवाय पी५ चं मैत्रीपूर्ण चुका दाखवणारं यंत्र बंद करावं किंवा पी५ ची मिनिफाइड (आकसलेली) फाइल वापरावी. फरक डोळ्यांना दिसतो.

यात 'जनरेटिव्ह' काय आणायचं, तर कड्यांची संख्या. वरच्या गेर्स्टनर लाटेची त्या जागची उंची घेऊन कड्या ३ ते ६ करा. संबंध नक्षीतून लाट सरकताना दिसते आणि नक्षी तरीही नक्षीच राहते. वर्तुळं वरखाली हलवायची तर १० पिक्सेलच्या आतच, कारण शेजारच्या दोन ओळी उलट दिशांना दहा-दहा सरकल्या की मधलं २० चं अंतरच संपतं. वर्तुळं फिरवू नका, तिरकी करू नका. नियम मोडणं पी५ मध्ये एका ओळीचं काम असल्यामुळे मोह होतो, आणि पाच मिनिटांत सेइगाइहाचा खवल्यांचा कागद होतो.

आपल्याकडची ठिपक्यांची रांगोळी या साधनात अक्षरशः घरच्यासारखी बसते. '१५ ते ८ ठिपके, मध्ये ठिपका' असं नुसतं सांगितलं तरी अंगणात रांगोळी काढणारीला सगळं कळतं, आणि पी५ लाही तेवढंच पुरतं. मधली ओळ १५ ची, वर आणि खाली १४, १३ असं ८ पर्यंत. एकूण १६९ ठिपके आणि १५ ओळी. ठिपक्यांत ४० पिक्सेल अंतर असेल तर ओळींत ३४.६ ठेवायचं, म्हणजे ०.८६६ पट. इथेही ४० च घेतलं तर षट्कोन उभा ताणला जातो आणि मधलं कमळ काकडीसारखं लांबतं.

पंधरा ओळी म्हणजे पक्षाच्या पंधरा तिथी. आणि कोकण किनाऱ्यावर तिथी सांगितली की भरतीचा अंदाज येतोच: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी फरकाची. म्हणून चाचणीसाठी ही मांडणी चांगली आहे: पहिली ओळ प्रतिपदा, आठवी अष्टमी, पंधरावी पौर्णिमा, आणि ठिपक्याभोवतीच्या वळशाची उंची त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या फरकाएवढी. गणिताला दोन तरंग पुरेत. एक चंद्राचा, १२.४२ तासांचा, दुसरा सूर्याचा, बरोबर १२ तासांचा. दोन्ही जुळतात तेव्हा उधाण, विरुद्ध जातात तेव्हा भांग, आणि हा फेरा सुमारे पावणेपंधरा दिवसांचा. चंद्राच्या तरंगाला १.२ मीटर आणि सूर्याच्या तरंगाला ०.५ मीटर धरलं तर उधाणाला फरक ३.४ मीटर आणि भांगाला १.४. सर्वांत मोठी भरती तिथीला लागून येत नाही, साधारण एक-दोन दिवस मागून येते. म्हणून दीड दिवसाचा सरक द्यावा. चित्रात जे घडतं ते हाताने सुचलं नसतं: सर्वांत लांब ओळ मधली आणि तिच्या आसपासच वळसे सर्वांत बारीक, त्यामुळे षट्कोन आपोआप कंबर आवळून घेतो.

खरे आकडे घालायचे असतील तर सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत. सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) करून लोडटेबल()ने वाचता येतात. दोन अडचणी ठरलेल्या. फाइल संगणकावरून डबल-क्लिक करून उघडली तर ब्राउझर सीएसव्ही वाचू देत नाही. वेब एडिटरमध्ये चढवा किंवा लोकल सर्व्हर चालवा. दुसरी, दुसरीकडून घेतलेली माहिती यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत असेल तर साडेपाच तास मिळवायला विसरू नका, नाहीतर ओहोटीच्या जागी भरती.

रांगोळीचे वळसे कर्व्हव्हर्टेक्स()ने काढताना पहिला आणि शेवटचा बिंदू दोनदा द्यावा लागतो, नाहीतर दोन्ही टोकं गायब. नव्या २.० आवृत्तीत हे फंक्शन गेलं आणि स्प्लाइनव्हर्टेक्स() आलं. तिथे ही कटकट नाही.

देवनागरीच्या बाबतीत मात्र पी५ च्या १.x आवृत्त्यांना नापासच करावं लागेल. लोडफॉन्ट()ने देवनागरी टंक चढवला की जोडाक्षरं तुटतात: 'समुद्र' मधला द्र फुटून द चा पाय मोडका दिसतो, आणि 'किनारा' मधली वेलांटी क च्या अलीकडे येण्याऐवजी पलीकडे जाऊन न ला चिकटते. टंक वाचणारा आतला भाग भारतीय लिपींची जुळणी करत नाही, हे त्याचं कारण. टेक्स्टटूपॉइंट्स() वापरून अक्षरं ठिपक्यांत फोडायची तर तीच रड. तोडगा असा: टंक सीएसएसमधून आणा, टेक्स्टफॉन्ट() मध्ये फक्त त्याचं नाव द्या, मग जुळणी ब्राउझर करतो आणि ती बिनचूक असते. ठिपके हवे असतील तर शब्द क्रिएटग्राफिक्स() मध्ये लिहा, त्याची पिक्सेलडेन्सिटी १ करा, लोडपिक्सेल्स() करून दर ६ पिक्सेलला पारदर्शकता तपासा, १२८ च्या वर असेल तिथे ठिपका. नोलूप() लावलेल्या चित्रात टंक उशिरा पोचला तर पहिल्याच फ्रेमला परका टंक छापला जातो आणि तसाच राहतो. टंक आल्यावर रीड्रॉ() करा. वेबजीएल (त्रिमितीच्या) मोडमध्ये तर लोडफॉन्ट()शिवाय मजकूरच उमटत नाही, तेव्हा तिथेही ग्राफिक्सवर लिहून पोत म्हणून चिकटवायचं.

छपाईचं गणित. ए३ आकार ३०० डीपीआयला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. थेट एवढा कॅनव्हास काढू नका, रेषांची जाडी आणि अंतरं सगळी बदलतील. ८७७ बाय १२४० चा कॅनव्हास ठेवा आणि छापायच्या वेळी पिक्सेलडेन्सिटी(४) करा. ३५०८ बाय ४९६० मिळतं. काहीच न सांगितल्यास पी५ ज्या पडद्यावर चालतं त्याची घनता घेतं, म्हणून एकाच स्केचची पीएनजी फोनवर मोठी आणि जुन्या मॉनिटरवर छोटी निघते. हे काम आयफोनवर करू नका: त्यातल्या सफारीच्या अनेक आवृत्त्यांत कॅनव्हासची मर्यादा सुमारे १ कोटी ६७ लाख पिक्सेल आहे, आणि ए३ ला लागतात १ कोटी ७४ लाख. कोरं पान हाती येतं, चूक मात्र काहीच दाखवत नाही. रँडमसीड() आणि नॉइजसीड() ठरवून आकडा (सीड, ज्यावरून तेच यादृच्छिक आकडे पुन्हा निघतात) फाइलच्या नावात घाला. सीड न नोंदवता काढलेलं सुंदर चित्र पुन्हा मोठ्या आकारात निघत नाही. चमकदार फिरोजी पाणी पडद्यावर कितीही खुललं तरी चार शाईच्या छपाईत मळतं. गडद प्रशियन निळ्याकडे झुकणारी रंगसंगती जास्त टिकते. छापखान्यात आधी हातभर पट्टी छापून पाहावी.

पर्याय कधी शोधायचा? वेक्टर पीडीएफ नेमाने लागत असेल तर जुनं प्रोसेसिंग बरं, त्यात ती सोय अंगचीच आहे. दालनात भिंतभर, सेन्सर लावून समुद्र चालवायचा असेल तर टचडिझायनर हे दुसरं साधन जास्त दमाचं, पण त्याच्या मोफत, बिगरव्यावसायिक आवृत्तीत चित्र १२८० बाय १२८० च्या पुढे जात नाही. पी५ ला अशी कुठलीच अट नाही, आणि काढलेलं चित्र विकायलाही आडकाठी नाही.

आवृत्ती निवडताना एक बघा: जुने धडे जवळजवळ सगळे १.x चे आहेत. २.० मध्ये प्रीलोड() काढून टाकलंय, त्या जागी असिंक सेटअप आणि अवेट आलं. त्यामुळे जुना कोड चिकटवला की पहिल्याच ओळीला अडतो. रंगांसाठी मात्र २.० कडे जावंसं वाटतं, कारण त्यात ओकेएलसीएच रंगपद्धती आहे. आरजीबीमध्ये निळ्यातून सूर्यास्ताच्या केशरीत जाताना मध्ये मातकट राखाडी पट्टा येतो. ओकेएलसीएचमध्ये तो येत नाही. शिकताय तोवर १.x ठेवा, एडिटरच्या सेटिंगमध्ये आवृत्ती बदलता येते.

प्रदर्शनात प्रोजेक्टरवर दिवसभर चालवणार असाल तर क्रिएटग्राफिक्स() चुकूनही ड्रॉ()च्या आत नको. दर फ्रेमला नवा कॅनव्हास तयार होतो, जुना सुटत नाही, आणि थोड्याच वेळात टॅब मरतो. सेटअप()मध्ये एकदा करा, ड्रॉ()मध्ये क्लिअर() करून तोच वापरा. आकार बदलायचाच असेल तर आधी जुन्याला रिमूव्ह() करा.